लागतं, पण पळत नाही: नवे यूएसबी कंट्रोलर आणि जुनी उपकरणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुकानं, छोटी ऑफिसं, सीए मंडळी, फोटोग्राफर, डीटीपीवाले यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. नवा पीसी बसवून आलो की पहिल्या आठवड्यात येणारे फोन ठरलेले असतात, आणि त्यातले निम्मे यूएसबीचे. तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

माझा जुना प्रिंटर, जुना पेनड्राइव्ह नव्या निळ्या पोर्टात चालेल का?

चालेल. बिनधास्त लावा, काही जळत नाही.

असं का, ते एकदा बघून घ्या म्हणजे पुढचं बरंच सोपं होईल. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्याची नेहमीची चपटी पिन टॉर्च घेऊन नीट बघा. पुढे चार पट्ट्या दिसतील, त्या जुन्याच: दोन वीजपुरवठ्याच्या, दोन डेटाच्या. आत मागच्या बाजूला आणखी पाच बारीक टोकं आहेत, ती नवी. सेकंदाला ५ गिगाबिटचा सगळा वेग त्या पाचांच्या जिवावर. म्हणजे नव्या यूएसबीने जुन्या घरावर मजला चढवलेला नाही. शेजारी दुसरं घर बांधलं आणि रस्त्याकडचं दार तेवढं एकच ठेवलं. जुनं उपकरण लावलं की ते जुन्या घरात जातं, नव्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही.

तारेच्या पातळीवरची ही सोय इतकी चोख आहे की १९९८ सालच्या यूएसबी १.१ चा माउस आजही चालतो. अडचणी येतात त्या तारेच्या वरच्या थरात: ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारं सॉफ्टवेअर), बायॉस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्राम), हब (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा). आणि ‘चालेल’ म्हणजे ‘पळेल’ असं कुणीच कबूल केलेलं नाही, हेही ध्यानात ठेवा.

कंट्रोलर म्हणजे नेमकं काय? मला तर फक्त पोर्ट दिसतो.

पोर्ट हे नुसतं भोक. त्यामागे मदरबोर्डवर एक हिशेबनीस बसलेला असतो. कुठल्या उपकरणाशी कधी बोलायचं, किती डेटा घ्यायचा, मेमरीत कुठे ठेवायचा, हे तो बघतो. तोच होस्ट कंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टिम तुमच्या पेनड्राइव्हशी थेट बोलत नाही, ती या हिशेबनीसाशी बोलते. त्यामुळे त्याची भाषा तिला यावी लागते.

या भाषा आजवर चार झाल्या. पहिल्या पिढीतच दोन तट पडले होते: इंटेलची यूएचसीआय, आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, नॅशनल सेमिकंडक्टर यांची ओएचसीआय. मग यूएसबी २.० सोबत ईएचसीआय आली. तिची एक गंमत होती. तिला फक्त ४८० मेगाबिटचा वेग कळायचा. साधा कीबोर्ड लावला की ती हात वर करायची आणि तो पोर्ट सोबतच्या जुन्या यूएचसीआय किंवा ओएचसीआय कंट्रोलरच्या हवाली करायची. म्हणून त्या काळातल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीखाली सहा-सात कंट्रोलरची रांग दिसायची आणि लोक घाबरायचे.

यूएसबी ३ सोबत आलेल्या चौथ्या भाषेने, एक्सएचसीआयने, हा पसारा आवरला. १.५ मेगाबिटच्या माउसपासून ५ गिगाबिटच्या डिस्कपर्यंत सगळ्यांशी एकच कंट्रोलर बोलतो, त्याला एकच ड्रायव्हर पुरतो. पण सगळं एकाच्या हातात दिलं की तो आजारी पडल्यावर सगळंच ठप्प होतं. एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नसेल तर फक्त वेगवान डिस्क बंद पडत नाही, कीबोर्ड आणि माउससुद्धा बंद पडतात. पुढचा प्रश्न त्यातूनच आलाय.

नव्या मशीनवर विंडोज ७ टाकायला घेतलं, तर स्वागताच्या स्क्रीनवर कीबोर्ड-माउस मेले. असं का?

हा प्रश्न २०१६ पासून येतोय आणि अजून थांबलेला नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपीच्या दुकानात पहिल्यांदा गाठ पडली. मालक सत्तरीचे, त्यांचं जुनं मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे जायला तयार नव्हतं. मशीन मात्र कोरं, सहाव्या पिढीचा इंटेल. पेनड्राइव्ह लावला, बायॉसमध्ये कीबोर्ड छान चालला, निळी स्क्रीन आली, भाषा निवडायची चौकट आली, आणि माउसचा लाल दिवा विझला. काका माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे. ‘अरे, आत्ता तर चालत होता!’

चालत होता तो बायॉसच्या मेहेरबानीने. मशीन सुरू होताना बायॉस स्वतःच कीबोर्डशी बोलत असतो. विंडोजचा इन्स्टॉलर मेमरीत आला की तो कंट्रोलर स्वतःच्या ताब्यात घ्यायला बघतो, आणि विंडोज ७ च्या डिस्कमध्ये एक्सएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. ती २००९ साली बाजारात आली, तेव्हा या कंट्रोलरची पहिली चिप एनईसीकडून नुकती कुठे बाहेर पडत होती.

मग आधीच्या मशीनवर का चालायचं? इंटेलने २०१२ च्या ७ मालिकेतल्या चिपसेटमध्ये एक्सएचसीआय आणला, पण ईएचसीआय काढला नाही. मधे एक सांधा ठेवला. ड्रायव्हर येईपर्यंत पोर्ट ईएचसीआयकडे, ड्रायव्हर आला की एक्सएचसीआयकडे. रेल्वेचे रूळ बदलावेत तसं. बायॉसमध्ये ‘ऑटो’, ‘स्मार्ट ऑटो’ असे पर्याय दिसायचे ते याचेच. २०१५ च्या १०० मालिकेत इंटेलने ईएचसीआय काढूनच टाकला. सांधा गेला, जुना रूळही गेला. एएमडीच्या पहिल्या रायझन मशीनवरही तोच अनुभव येतो.

त्या दिवशी उपाय भंगाराच्या खोक्यात सापडला. बोर्डाच्या मागे अर्धं जांभळं, अर्धं हिरवं असं गोल पीएस-२ भोक होतं. खोक्यातला पिवळा पडलेला कीबोर्ड त्यात लावला तर चालला. पण तेवढ्याने भागलं नाही. पुढच्या पायरीवर इन्स्टॉलर म्हणतो, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. डीव्हीडीचा तिथे काही संबंध नसतो. त्याला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नसतो, म्हणून तो असं भलतंच बोलतो. शेवटी दुसऱ्या मशीनवर बसून डिझम या विंडोजच्या आज्ञेने इंटेलचा एक्सएचसीआय ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या बूट आणि इन्स्टॉल या दोन्ही विम फायलींत (विंडोज बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत) घुसवला. एकाच फायलीत घातलात तर इन्स्टॉलेशन पार पडतं आणि पहिल्या बूटला कीबोर्ड पुन्हा मरतो. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

आज विचाराल तर मी हे करूच नका म्हणेन. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी चिपसेटवाल्यांचे ड्रायव्हरही मिळत नाहीत. खरंच गरज असेल तर खालचा आभासी मशीनचा (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा) प्रश्न वाचा.

बायॉसमधलं ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ चालू ठेवू की बंद?

हँड-ऑफ म्हणजे कंट्रोलरचा ताबा बायॉसकडून सिस्टिमकडे देणं. विंडोज ८ किंवा नंतरचं असेल, किंवा कुठलंही सध्याचं लिनक्स असेल, तर कंट्रोलरचा ताबा बायॉसकडून कसा मागून घ्यायचा ते या सिस्टिमना माहीत असतं. सेटिंगला हात लावू नका. ज्या सिस्टिमला तो ताबा नीट घेता येत नाही, तिच्यासाठी ही सोय आहे.

‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ हा पर्याय मात्र वेगळा. तो बंद केलात तर काही बोर्डांवर बायॉसमध्येच कीबोर्ड चालत नाही, आणि मग तो पुन्हा चालू करायलाही कीबोर्ड नसतो. मग बोर्डावरचा गोल सेल काढून ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं. हा उद्योग ग्राहकासमोर करायला बरं दिसत नाही.

कुठल्या सिस्टिममध्ये यूएसबी ३ आपसूक चालतं?

लिनक्स सगळ्यात पुढे. सप्टेंबर २००९ मधल्या २.६.३१ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक्सएचसीआयचा ड्रायव्हर आला, तो इंटेलमध्ये असताना सेज शार्प यांनी लिहिला. तेव्हा दुकानात यूएसबी ३ चं एकही उपकरण दिसत नव्हतं. विंडोजमध्ये तो २०१२ च्या विंडोज ८ पासून अंगभूत आहे. विंडोज ७ ला चिप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर लागतो. मॅकवर २०१२ पासूनच्या मशीनमध्ये यूएसबी ३ आहे.

पोर्ट निळा, केबल निळी, डिस्क एसएसडी. तरी वेग ३५-४० एमबीवर अडकलाय. कोण खोटं बोलतंय?

आकडाच सांगतोय की तुम्ही जुन्या घरात आहात. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात बोलण्या-विचारण्याचा खर्च वजा जाता हातात ३५ ते ४० पडतात. याच पट्ट्यात आकडा रुतलेला असेल तर डिस्कला दोष देऊ नका, जोडणी यूएसबी २ ची झालीय.

लग्नसराईत माझ्याकडे एक फोटोग्राफर दादा येतात. ६४ जीबीचं कार्ड, रात्री अकराला कार्यालयातून निघालेले, सकाळी सहाला दुसरी हळद. त्यांच्या नव्या रीडरवर कार्ड उतरायला जवळपास अर्धा तास लागत होता. मी रीडर काढला आणि पुन्हा लावला, पण झटक्यात, एका दमात. त्याच कार्डाला बारा मिनिटं लागली. ते म्हणाले, ‘हे काय, हातगुण?’

हातगुण नाही. वर सांगितलं तसं जुन्या चार पट्ट्या पिनेच्या पुढे असतात आणि नवी पाच टोकं आत. पिन हळूहळू, चाचपडत घातली की आधी फक्त जुन्या चार पट्ट्या टेकतात. उपकरण तेवढ्यात ‘मी आलो’ म्हणून यूएसबी २ वर नाव नोंदवून मोकळं होतं. नंतर पाच टोकं टेकली तरी काही उपकरणं पुन्हा उठून नव्या वाटेने येण्याची तसदी घेत नाहीत. म्हणून यूएसबी ३ ची पिन घालायची ती न घाबरता, एका झटक्यात.

तरी फरक पडला नाही तर केबल बदलून बघा. टाइप-सीच्या केबलींनी तर कहर केलाय. दोन्ही टोकांना तीच लंबगोल पिन, पण फोनच्या खोक्यात येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये वेगाच्या तारा नसतातच. त्या चार्जिंगच्या केबली, डेटा यूएसबी २ च्या वेगाने. पोर्टाचंही तेच. २०२३ चा साधा आयफोन १५ घ्या: टाइप-सी आहे, पण वेग यूएसबी २ चा. १० गिगाबिट हवे असतील तर प्रो घ्या आणि वर केबल वेगळी विकत घ्या, कारण खोक्यातली केबल तिथेही यूएसबी २ चीच. पिनेच्या आकारावरून वेग ओळखायचे दिवस गेले.

तिसरा संशयित म्हणजे कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट. असेंबल करणाऱ्याने आतली जाड निळी केबल बोर्डाला लावलेलीच नसते, किंवा ती इतकी सुमार असते की जोडणी चुकतमाकत यूएसबी २ वर उतरते. मागच्या पोर्टात लावून बघा, दोन मिनिटांत निकाल लागतो.

खात्री करायची तर लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ पर्यायासह द्या. झाडासारखी रचना दिसते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला ४८०एम किंवा ५०००एम लिहिलेलं असतं. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली वेग दिसतो.

मग ५ गिगाबिटचे खरे किती मिळतात?

कंपनी खोक्यावर ५ लिहिते, पण त्या तारेवर दर आठ बिटांसाठी दहा बिटं पाठवावी लागतात, नाहीतर पलीकडे ताल चुकतो. म्हणजे पाचातला एक तिथेच गेला. उरले ४ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ५०० एमबी. त्यातून पाकिटांचा आणि पोचपावत्यांचा खर्च काढा. चांगल्या एसएसडीला ४०० ते ४४० मिळाले तर समाधान माना. १० गिगाबिटच्या पिढीत ही पद्धत सुधारली: १२८ बिटांमागे फक्त चार वाढीव. म्हणून तिथे हजार एमबीच्या आसपास खरोखर दिसतात, वेग दुपटीहून थोडा जास्तच वाढतो.

फिरती हार्डडिस्क असेल तर हे सगळं विसरा. ती बिचारी मुळातच शंभर-सव्वाशेच्या घरात असते. तिला १० गिगाबिटचा पोर्ट देणं म्हणजे बैलगाडीला द्रुतगती मार्ग.

एकाच पोर्टात, एकाच केबलीवर दोन एनक्लोजरचा (डिस्क बसवायच्या डब्यांचा) वेग वेगळा का येतो?

त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे. जुनी पद्धत, बल्क-ओन्ली, म्हणजे पोस्टाच्या खिडकीवरचा खाक्या. एक माणूस पुढे, त्याचं काम, त्याची पावती, मग पुढचा. एका वेळी एकच आज्ञा. मोठी फाइल असेल तर चालून जातं. हजारो बारीक फायली असल्या की प्रत्येक फायलीमागे खिडकीवर उभं राहावं लागतं.

यूएएस ही नवी पद्धत बऱ्याच आज्ञा एकदम आत घेते आणि डिस्कला सोयीच्या क्रमाने उरकू देते. त्यासाठी तिघांचा होकार लागतो: कंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एनक्लोजरमधली छोटी चिप. विंडोजमध्ये ती विंडोज ८ पासून आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तुमची डिस्क ‘स्टोरेज कंट्रोलर’खाली ‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ म्हणून दिसली तर यूएएस चालू आहे. नुसतं ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस’ दिसलं तर जुनी खिडकी.

लिनक्सवर याची दुसरी बाजू बघायला मिळते. काही स्वस्त चिपा यूएएस येतं म्हणतात, प्रत्यक्षात कामाचा भार आला की गोंधळतात. कॉपी चालू असताना डिस्क मधेच थिजते आणि कर्नलच्या नोंदीत रिसेटच्या ओळी भरतात. अशा नाठाळ चिपांची यादीच कर्नलमध्ये आहे. तुमची त्यात नसेल तर यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरच्या ‘क्वर्क्स’ या पर्यायात तिचा विक्रेता क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि शेवटी इंग्रजी यू हे अक्षर द्या. यूएएस बंद होतं, वेग थोडा उतरतो, डिस्क थिजायची थांबते. रास्पबेरी पाय ४ या हातभर नसलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर घरगुती सर्व्हर चालवणाऱ्यांना हा उतारा पाठ असतो.

३.०, ३.१, ३.२, जेन १, जेन २... घ्यायचं काय?

खोक्यावर ५, १०, २० किंवा ४० यांतला आकडा शोधा. बाकी नावं म्हणजे गल्लीचं नाव दर निवडणुकीला बदलावं तसा प्रकार आहे. २००८ साली जे यूएसबी ३.० होतं, तेच पुढे ३.१ जेन १ झालं आणि २०१७ पासून ३.२ जेन १. वस्तू तीच, ५ गिगाबिट.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो. ‘३.२ जेन २ बाय २’ अशी २० गिगाबिटची एसएसडी स्वस्तात दिसते म्हणून लोक उचलतात. ती २० ने पळायला समोरही तोच जेन २ बाय २ पोर्ट लागतो, आणि तो फक्त टाइप-सीत असतो. तुमच्याकडे त्याहून भारी, ४० गिगाबिटचा यूएसबी ४ पोर्ट असला तरी त्यात बाय २ असेलच असं नाही, मानकात ते ऐच्छिक आहे. मग ती डिस्क मुकाट्याने १० वर उतरते. ग्राहकाला वाटतं मी फसवलं.

यूएसबी ३ चा चांगला हब घेतला. त्यावर यूएसबी २ ची चार उपकरणं लावली तर वेग वाटून मिळेल ना?

नाही मिळणार. यूएसबी ३ चा हब म्हणजे एका डब्यात दोन हब. एक नव्या वाटेचा, एक जुन्या. तुमची चारही जुनी उपकरणं जुन्या अर्ध्या भागात जातात आणि तिथले ४८० मेगाबिट आपसांत वाटून घेतात. शेजारी ५ गिगाबिटचा रस्ता मोकळा पडलेला असतो, पण तिकडे वळायला वाटच ठेवलेली नाही. दोन वेबकॅम आणि एक कॅप्चर कार्ड एकाच हबवर गुदमरतात ते म्हणून. एक वेबकॅम उचलून पीसीच्या दुसऱ्या पोर्टात लावा.

‘यूएसबी कंट्रोलरकडे पुरेसे रिसोर्सेस नाहीत’ असा संदेश आला. रॅम वाढवू का?

रॅमचा काही संबंध नाही, पैसे वाचवा. प्रत्येक उपकरण कंट्रोलरकडे काही खिडक्या अडवून बसतं, त्यांना एंडपॉइंट म्हणतात. कागदावर एक्सएचसीआय प्रत्येक उपकरणाला ३१ पर्यंत खिडक्या देऊ शकतो. पण चिप बनवणारे आत जागा आखडती घेतात, इंटेलच्या काही पिढ्यांत सगळ्यांना मिळून ९६. दिवे लुकलुकणारा गेमिंग कीबोर्ड, हेडसेट, वेबकॅम असली मंडळी एकेकटी चार-सहा खिडक्या अडवतात. पाटी पूर्ण भरली की नवा पाहुणा दाराबाहेर.

जुन्या मशीनवर हेच सगळं चालत होतं, कारण तिथे भार दोन-तीन कंट्रोलरमध्ये वाटला जायचा. उपाय दोन: बायॉसमध्ये एक्सएचसीआय बंद करून ईएचसीआयवर यायचं, जे आता नव्या बोर्डांवर शक्यच नाही. किंवा वेगळं पीसीआय एक्स्प्रेस यूएसबी कार्ड घालून दुसरा हिशेबनीस कामाला लावायचा.

सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डाँगल, सहीचं टोकन, अंगठ्याचं मशीन नव्या पीसीवर चालत नाही. पोर्ट खराब आहे का?

पोर्ट बहुधा ठणठणीत असतो. आधी ड्रायव्हर बघा. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालतच नाही, आणि विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर कित्येक जुने ६४ बिटचे ड्रायव्हरही दारातच अडवले जातात. टोकनवाल्याचं, अंगठ्याच्या मशीनच्या आरडी सर्व्हिसचं (आधारसाठी ठसा पाठवणाऱ्या प्रोग्रामचं) नवं सॉफ्टवेअर टाकून बघा. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतात तेव्हा कधीकधी एवढंच असतं.

ड्रायव्हर बरोबर असूनही उपकरण दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं असं चाललं असेल तर माझा एक दोनशे-अडीचशे रुपयांचा जालीम उपाय आहे: मध्ये साधा, जुनाट यूएसबी २.० चा हब लावा. हसू नका. थेट लावल्यावर १२ मेगाबिटचं ते जुनं उपकरण आणि एक्सएचसीआय यांची गाठ समोरासमोर पडते, आणि जुन्या उपकरणाची वेळ पाळण्याची सवय थोडी ढिली असते. मध्ये हब आला की त्यातला दुभाष्या त्याच्याशी संथपणे बोलतो आणि कंट्रोलरशी ४८० च्या वेगाने. दर वेळी गुण येतो असं नाही, पण माझ्या बॅगेत असा एक हब कायम असतो.

यूएसबी ३ ची डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो. व्हायरस?

नाही हो. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या खळबळीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, आणि वायरलेस माउस, ब्लूटूथ, जुनं वाय-फाय त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा बारका डाँगल डिस्कच्या शेजारच्या पोर्टातून काढा आणि लांबच्या यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात लावा. तेवढ्यानेही नाही भागलं तर हातभर एक्स्टेन्शन केबल घालून डाँगल टेबलावर आणा.

नव्या कंट्रोलरने बॅटरी जास्त खाल्ली जाते का?

उलट कमी. ईएचसीआय काम असो-नसो मेमरीतली यादी पुन्हा पुन्हा चाळत बसायचा, त्यामुळे प्रोसेसरला गाढ झोप लागायची नाही. एक्सएचसीआयला दारावरची घंटी दिली आहे. काम आलं की ड्रायव्हर घंटी वाजवतो, नाहीतर कंट्रोलर निजून असतो. मात्र झोपेतून न उठणारी काही उपकरणं असतात. तेवढ्यापुरतं पॉवर ऑप्शन्समधलं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघा.

रायझनवर यूएसबी अधूनमधून तुटतं, हे खरं का?

५०० मालिकेच्या चिपसेटबाबत खरं होतं. एएमडीने ते २०२१ च्या फेब्रुवारीत मान्य केलं आणि एप्रिलपासून अगेसा १.२.०.२ (एएमडीचा बायॉसमधला मूळ भाग) असलेले बायॉस बोर्डवाल्यांकडून यायला लागले. तुमचा बायॉस त्याआधीचा असेल तर विंडोज पुन्हा टाकत बसू नका, आधी बायॉस बदला.

रेकॉर्डिंगचा ऑडिओ इंटरफेस नव्या लॅपटॉपवर टकटक आवाज करतो.

आवाजाचा डेटा वेळेच्या बोलीवर चालतो, दर १२५ मायक्रोसेकंदाला त्याची पाळी येते. हुकली तर पुन्हा पाठवायची सोय नाही, टक ऐकू येतो. तो हबवर लावू नका, आणि शेजारच्या पोर्टात बॅकअप चालू ठेवून अभंग रेकॉर्ड करू नका. ऑडिओ क्लास २ चा अंगभूत ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीत आला, तरी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर मिळत असेल तर तोच टाका.

जुन्या पीसीत यूएसबी ३ चं कार्ड घालून फायदा होईल?

होईल, पण खाच बघा. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या एका लेनमधून ५०० एमबी जातात, पहिल्या पिढीच्या लेनमधून २५०. बोर्ड फारच जुना असेल तर कार्डावरचे चारही पोर्ट मिळून त्या २५० मध्येच भागवतील. तरी यूएसबी २ च्या चाळिसापेक्षा सहापट. आणखी एक: जुना बायॉस त्या कार्डावरून बूट होणार नाही, आणि त्यावर लावलेला कीबोर्ड बायॉसमध्ये चालणार नाही. कीबोर्ड बोर्डाच्याच पोर्टात राहू द्या.

जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ आभासी मशीनमध्ये ठेवलं तर डाँगल चालेल का?

बहुतेक वेळा चालतो. अप्पा बळवंत चौकातल्या काकांचं मशीन पुढे बदललं तेव्हा मी हेच केलं. वर विंडोज १०, आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यांचं विंडोज ७. आभासी मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये लोक हौसेने ३.० निवडतात आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात, कारण आतल्या विंडोज ७ ला एक्सएचसीआय अजूनही येत नाही. २.० निवडा, म्हणजे आत ईएचसीआय दिसतो. मग फिल्टरमध्ये डाँगल जोडा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या विंडोज ९८ च्या जमान्यातलं सॉफ्टवेअर असेल तर १.१ निवडा.

काकांनी पहिली पत्रिका छापून बघितली, अक्षरं जागच्या जागी होती. मग विचारलं, ‘तो पिवळा कीबोर्ड परत नेणार की ठेवू?’ ठेवा म्हटलं. अजून आहे त्यांच्याकडे, खणात.